चार ठिपक्यांचं ऑपरेशन

घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे पैलवान म्हणत. वीस वर्षं लोकांची कपाटं नि फ्रिज पाठीवर घेऊन तो जिने चढला-उतरला होता. गेल्या वर्षी एक लोखंडी कपाट जिन्यात सुटलं आणि त्याला कठड्याशी चेपूनच थांबलं.

बरगड्या दोन महिन्यांत जुळल्या. पण जेवून आडवं झालं की धाप लागायची, छातीत गुडगुडायचं. वर्षभर त्याला ॲसिडिटीचं औषध पाजण्यात आलं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला, तर फुप्फुसाच्या जागेत जठर जाऊन बसलेलं! कपाटाच्या दणक्यानं पोट आणि छातीमधला पडदाच फाटला होता.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. चार बारीक भोकं पाडून बाईंनी जठर खाली ओढलं, पडदा शिवला, वर जाळी लावली. पाचव्या दिवशी तो घरी.

"तीन महिने जड काही उचलायचं नाही. आतले टाके सुटले तर पुन्हा टेबलावर याल," बाईंनी बजावलं.

इथंच माशी शिंकली. महिन्याभरानं तो बसून करायचं काम मागायला गेला, तर मालकानं शर्ट वर करायला लावला. पोटावर चार ठिपके.

"एवढंच? याला ऑपरेशन म्हणतात होय?"

कंपनीतल्या ड्रायव्हरचं अपेंडिक्स जुन्या पद्धतीनं काढलेलं. वीतभर व्रण मिरवून त्यानं सहा महिने गेटवरची खुर्ची उबवली होती. बाईंनी आपल्यालाही तशी चीर दिली असती तर, असं पैलवानाच्या मनात आलं. जिनं बरं केलं तिच्यावरच आपण चिडतोय, याचीही त्याला चीड आली.

डॉक्टरची चिठ्ठी मालकानं वाचलीसुद्धा नाही. मग पैलवानानं खेटे घालून हॉस्पिटलातून ऑपरेशनचा व्हिडिओ आणला आणि मालकाच्या कॉम्प्युटरवर लावला. पडद्याला पडलेलं मुठीएवढं भोक आणि त्यातून खाली येणारं जठर बघून मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पटलं बुवा एकदाचं, असं पैलवानाला वाटलं.

"काय सफाईनं शिवलंय रे," मालक म्हणाला. "एवढं पक्कं काम असल्यावर फाटतंय कशाला? जा, चौथ्या मजल्यावर तिजोरी चढवायचीय."

"आणि फाटलं तर तुम्ही शिवाल?"

"नसेल जमत तर घरी बस."

पैलवानानं कंपनीचा ओझं उचलायचा पट्टा टेबलावर टाकला. वर्षभरानं आता कुठे त्याला छाती भरून श्वास घेता येत होता. त्या एका श्वासात त्यानं मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. जिना उतरताना मात्र बायकोला काय सांगायचं, ते काही केल्या सुचेना.