कबरी गाडीत चढत नाही

कबरी घोडी गाडीत चढेना, याला आज तिसरा दिवस. आणि का चढेना, हे सगळ्या तबेल्यात फक्त वस्तादांना ठाऊक होतं. लबाडी त्यांचीच होती ना!

वस्ताद म्हणजे घोडेस्वारीच्या शाळेतले सत्तरी ओलांडलेले शिक्षक. उठताबसता गुडघे वाजायचे, पण जीभ अजून चौखूर उधळायची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना खोगिरावर बसवलं आणि बसवता बसवता शहाणपणही पाजलं. "पडायची लाज वाटत असेल तर खुर्चीवर बसा, तीही हातांची." "घोड्याशी खोटं बोलू नका, तुमच्या मांडीनं त्याला आधीच सगळं सांगितलेलं असतं." सगळ्यात लाडका धडा मात्र एकच. "घोड्याला कुठं न्यायचं तर त्याच्याकडे पाठ करा आणि चालू लागा. तोंडाकडे टक लावून दोर ओढाल, तर तो जागचा हलायचा नाही."

आणि मालकांनी कबरी विकली. वस्तादांखेरीज कुणालाच ती पाठीवर टिकू देत नव्हती, मग शाळेत तिचा उपयोग काय? घेणाऱ्या होत्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई. बाई चांगल्या, माळरान मोठं, नाव ठेवायला जागाच नाही. म्हणून तर वस्तादांचा जळफळाट आणखी! शिंगरू असल्यापासून तिला त्यांनीच वाढवलेलं. ती गेल्यावर सकाळी उठून करायचं तरी काय?

मग त्यांनी शक्कल लढवली. दोर घेऊन कबरीच्या समोर उभं राहायचं आणि तिच्या डोळ्यांत टकामका बघत ओढायचं. कबरी ढिम्म! घाम पुसत त्यांनी जाहीर केलं, "आज वारा वाईट आहे." दुसऱ्या दिवशी गाडीचा रंग वाईट निघाला. मालक बिचारे मान डोलवत राहिले. वस्ताद म्हणतात म्हणजे असणारच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वस्ताद, मी याच शाळेत शिकलेय. तुमच्याच हाताखाली."

वस्तादांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कुणाला बोलले नाहीये मी. पण एकदा नीट न्या ना तिला. तुमच्या मागून आली तर घाबरणार नाही."

फार वाईट वाटलं त्यांना. आपल्या हट्टापायी आपणच शिकवलेल्या पोरीला तीन दिवस उगाच तंगवलं, हे मनाला लागलं. त्यांनी दोर सैल सोडला, पाठ फिरवली आणि फळीवरून चढून सरळ गाडीत शिरले. कबरी मुकाट मागोमाग. आत तिनं त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं, तसे त्यांचे डोळे भरून आले. "नीट राहा गं बाई," ते पुटपुटले.

तेवढ्यात मागचं दार लागलं. वर कडीही.

"अहो! मी आत आहे!"

"माहीत आहे," बाहेरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसती घोडी नेऊन काय करू? तिच्यावर बसायला मला शिकवणार कोण?"

"अहो, पण आमच्या घरी विचारायला नको? ही आकाशपाताळ एक करेल!"

पुढची झडप सरकली. ड्रायव्हरशेजारी त्यांची बायको बसली होती, मांडीवर दोघांच्या कपड्यांचं बोचकं घेऊन.

"तुम्हाला सरळ विचारलं असतं, तर या जन्मी फळीवर पाय ठेवला असतात का?" ती म्हणाली. "चौकापर्यंत उभे राहा तिच्याजवळ. मग पुढं या, जागा धरून ठेवलीये."