पुढं लोणचं हाय

चुन्याच्या धंद्यात कपडे कितीही झटका, शिवणीत थोडं पांढरं उरतंच. किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, बसून राहतात. माझं दुकान यवतमाळात, लोहाऱ्याच्या वाटेवर. पण खरी बैठक असायची रोडच्या कामांवर, पोत्यांवर बसून चहा पिणाऱ्या मंडळींत. आता ती मंडळी पांगली. संध्याकाळी शटर ओढताना कोणीतरी आठवतं आणि मी एकटाच हसतो.

* * *

आमची काळी माती कापसाची आई, पण रोडची सावत्र आई. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर जुन्या बाजेसारखं झोल खातं. म्हणून आधी तिच्यात चुना कालवायचा, पाणी मारायचं, ती जरा शहाणी झाली की मग गिट्टी. एवढंच माझं इंजिनिअरिंग, तेही पोती उतरवता उतरवता शिकलेलं.

लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

मामा म्हणाले, "चुना विकते."

"पानाचा?"

"नाही, रोडचा."

सासऱ्यांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. मग म्हणाले, "रोड पान खाते काय?"

मुलगी दिली. पण जावयाची ओळख करून देताना अजूनही 'बिझनेस' एवढंच सांगतात.

* * *

गुलाबभाऊ आमचा रोलर ऑपरेटर. फुलसावंगीच्या पुढं, बरंच आत, त्याचा तांडा. धाकटा भाऊ प्रेम सुरतेला. तो गेला ऐन पावसाळ्यात, नवी बायको घेऊन. तांड्याच्या वाटेवर तिची चप्पल चिखलात रुतली ती निघालीच नाही. प्रेम म्हणाला, "आता दारापर्यंत गाडी येईन तवाच येईन." आणि खरंच आला नाही. त्याची पोरं शाळेत जायला लागली, याडी, म्हणजे दोघांची आई, दर तीजेच्या सणाला वाट बघून थकली. गुलाबभाऊ जिल्हाभर दुसऱ्यांच्या गावांचे रोड दाबत फिरला.

प्रेमचा फोन आला की गुलाबभाऊ स्पीकर लावायचा.

"दादा, काय करून राह्यला?"

"चालून राह्यलो."

"कुठं पोचला?"

"जिथून निघालो तिथं."

रोलरवाल्याकडं दुसरं उत्तर कुठून असणार? आम्ही हसलो. गुलाबभाऊचा चहा मात्र तसाच गार झाला.

* * *

भोयरसाहेब, कामावरचे इंजिनिअर, नवीन होते तेव्हा ओरडून सांगायचे, "चुना घातलेली माती डिस्टर्ब करू नका." कोणी ऐकेना. बैलगाड्याही वरूनच जायच्या. एके दिवशी डबा खाताना ते वैतागले. "अरे, लोणचं घातल्यावर बरणी हलवता का? हलकं दाबलंय, आता मुरू द्या. मग पक्का रोलर फिरवू."

बस! तेव्हापासून त्या मातीचं नावच लोणचं. "पुढं लोणचं हाय" म्हटलं की ट्रॅक्टर जागच्या जागी थांबायचा.

एकदा नवा ट्रकवाला आला. त्यालाही आम्ही तेच सांगितलं. तो उतरला, सावलीत बसला, फडकं सोडून भाकरी काढली. बऱ्याच वेळानं विचारतो, "भाऊ, लोणचं कधी येते?"

* * *

प्रत्येक रोड झाला की गुलाबभाऊ सुरतेला फोन लावायचा.

"केळापूरकडचा झाला रे."

"अन् आपला?"

"लाइनीत हाय."

एकदा भोयरसाहेबांनी चेष्टा केली, "गुलाबभाऊ, बातम्या कायले देता? सरळ बोलवा ना त्याला."

गुलाबभाऊ म्हणाला, "साहेब, बोलावलं तं नाही म्हणन. बातमीले कोणी नाही म्हणत नाही."

* * *

शेवटी लाइन हलली. तांड्याचा रोड मंजूर झाला. चुना माझाच. काळ्या वाटेवर पोती फोडली, सगळं पांढरंफेक. गुलाबभाऊची याडी काठी टेकत पाहायला आली.

"एवढं पीठ कोणाच्या लग्नाचं रे?"

"याडी, चुना हाय."

"हात्तिच्या," म्हातारी म्हणाली, "चुना लावाले तं ते दर निवडणुकीलेच येते."

त्या दिवशी गुलाबभाऊनं सुरतेला फोन लावला. प्रेमनं नेहमीसारखं विचारलं, "अन् आपला?" गुलाबभाऊनं फोन माझ्या हातात दिला. "आपला चालू झाला," मीच सांगितलं.

* * *

प्रेम आला तो नेमका लोणच्याच्या दिवशी.

मोठ्या रोडवरून गाडी वळली. तोंडाशी ड्रम आडवे, दोरी बांधलेली, आणि दोरीजवळ गुलाबभाऊ. प्रेम खाली उतरला.

"दादा, दोरी काहाड."

"नाही जमत. मुरून राह्यलं."

"मले उद्या निघा लागते."

"गाडी नाही जाणार, प्रेम."

"अन् माणूस?"

साहेबांचा नियम माणसालाही होता. गुलाबभाऊनं पाठ फिरवली आणि फडक्यानं रोलरचं चाक पुसायला लागला. चाक स्वच्छच होतं. प्रेमनं बूट काढून हातात घेतले, पँट वर दुमडली, दोरीखालून वाकून गेला. गुलाबभाऊ चाकाकडंच बघून बोलला, "घरी गेल्याबरोबर पाय धुजो. चुना चावते."

दुसऱ्या दिवशी परतायच्या वेळी भोयरसाहेब रोडवर उभे, म्हणून प्रेम शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब जात विरला.

साहेब वाटेकडं बघत होते. पहिल्या ड्रमपासून थेट तांड्यापर्यंत अनवाणी पावलं. नुसती घराकडं जाणारी.

"मुरलं आता. रोलर फिरवा, गुलाबभाऊ."

"डिझेल नाही, साहेब."

डिझेलचा कॅन सकाळी मीच माझ्या गाडीतून आणला होता, टाकीत ओततानाही उभा होतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "पंप बंद होता, साहेब."