टेबलावरची मेणबत्ती

तुमच्या श्रद्धांजल्या परत घ्या.

काल दुपारी वसुधा गेली. पलासियाच्या क्लिनिकमध्ये, नंबर लागायची वाट बघत.

संध्याकाळपासून माझा फोन जोडलेल्या हातांनी आणि फुलांनी भरलाय. निम्मे मेसेज वकील मंडळींचे.
"निर्भीड ॲडव्होकेट वसुधाताई."

हो का?

याच मंडळींनी बार असोसिएशनमध्ये ठराव केला होता की अदनानची केस आपल्यातलं कोणीही घेणार नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अदनान भंवरकुआंच्या होस्टेलमध्ये राहून कोचिंग करणारा मुलगा. पोलीस म्हणतात, त्याच्या खोलीत बारूदचा डबा सापडला. आतंकवादाचा खटला. तेव्हापासून जेलमध्ये.

ती केस वसूने घेतली. आम्ही बाकीच्या मैत्रिणी गुडघ्यांचे डॉक्टर बदलत होतो, त्या वयात.

दुसऱ्याच दिवशी बार रूममधली तिची खुर्ची गायब.
तिने घरून फोल्डिंगचं स्टूल नेलं. काखेत धरून, सगळ्यांसमोरून.

आपल्याच मराठी समाजातला एक ज्युनिअर कॉरिडॉरमध्ये तिला म्हणाला, "ताई, आपल्या लोकांत फार चर्चा चाललीये."
"चालू दे की. गणपतीत ऑर्केस्ट्रा कोणाचा, यापेक्षा बरा विषय मिळाला त्यांना."

मग फोन सुरू झाले. नाव न सांगणारे.
"मैडम, उमर हो गई, आराम करो."
"आराम ही कर रही थी भिया, आपने जगा दिया."

त्या फोनांनी ती गेली असं मी म्हणत नाही. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. पण फोन येत होते, हे लिहून ठेवते.

मी एकदा सरळ विचारलं, "वसू, पोरगा निर्दोष आहे का ग?"
"मला काय माहीत? मी त्याच्या पोटात शिरले नाहीये. डबा खरंच त्या खोलीत सापडला का, एवढंच मी विचारतेय."

रिटायर झाल्यापासून मला वेळच वेळ. मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचे. पोलीस ठाण्याचे टीआय, म्हणजे इन्स्पेक्टर, साक्षीला उभे होते त्या दिवशीही मी होते. वसू अगदी गोड आवाजात विचारत होती.

"डिब्बे पर सील कहां लगाई?"
"मौके पर. उसी कमरे में."
"लाख किससे पिघलाई?"
"मोमबत्ती से."
"मोमबत्ती कहां रखी थी?"
"मेज पर."
"और बारूद का डिब्बा?"
"वहीं. मेज पर."

वसूने चष्मा काढला.

मला तिथेच कळलं. कॉन्व्हेंटमध्ये परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे सिस्टर सायन्स लॅबमध्ये लाखेने सील करायच्या. मेणबत्ती पेटवायच्या आधी आम्हा दोघींना स्पिरिटची बाटली बाहेर न्यायला लावायच्या. "गर्ल्स, फर्स्ट द बॉटल, देन द मॅच." शाळेतल्या पोरींना कळणारी गोष्ट.

वसू म्हणाली, "टीआई साहब, या तो आप बहुत बहादुर हैं, या आपको पता था कि डिब्बे में बारूद है ही नहीं. या फिर सील उस कमरे में लगी ही नहीं. जो पसंद हो, लिखवा दीजिए."

स्टेनोसुद्धा हसला. टीआय साहेबांनी पाणी मागितलं.

पुढच्या तारखेला सरकारी वकिलांचा अर्ज आला. टीआय साहेबांना पुन्हा साक्षीला बोलवायचंय, काही "स्पष्ट" करायचंय. अर्ज मंजूर. येत्या गुरुवारी ती साक्ष आहे.

त्या दिवशी घरी जाताना वसू हसत होती.
"बघ तू, आता मेणबत्ती आपल्या पायांनी चालत व्हरांड्यात जाईल."
"मग ग?"
"जाऊ दे. मी विचारीन, व्हरांड्यात वारा किती होता."

काल स्मशानात कोर्टाच्या ओळखीतलं एकच माणूस आलं. अदनानची आई. बस पकडून आली होती, फाटकाशी उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "वकील साहिबा तो गईं. गुरुवार को कौन आएगा?"

मला संताप आला. चिता अजून पेटलेली होती, आणि हिला तारखेची पडलीये.

मग घरी येऊन तुमचे मेसेज वाचले. एकूण एक.
गुरुवारी कोण येणार, हे एकानेही विचारलेलं नाही.

कोणी आलं नाही तर अदनानला सरकारतर्फे एखादा वकील मिळेल. फाईल त्याच सकाळी त्याच्या हातात पडेल. "नो क्वेश्चन्स" म्हणून तो खाली बसेल. मेणबत्ती व्हरांड्यात जाईल आणि कायमची तिथेच राहील. ते पोरगंही आत राहील, त्याने काही केलेलं असो वा नसो.

वसूचं स्टूल माझ्याकडे आहे. गुरुवारी ते घेऊन मी कोर्टात जाणार, त्या बाईशेजारी बसणार. मला बसण्यापलीकडे काही करता येत नाही. उभं राहायला वकील लागतो.

"निर्भीड" लिहिणाऱ्यांपैकी एकाने यावं. एक पुरे. पहिला प्रश्न वसूने तयार ठेवलाय.

फुलांचे फोटो पाठवू नका.

नीट जा, वसू. तिथे तरी खुर्ची देतील तुला. नाही दिली तर भांड.