शिवलेली शेपटी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मिरजेच्या भावापाशी नाही. देवापुढेही नाही — हात जोडताना मी हा विषय शिताफीनं टाळत आलो आहे, जणू त्याला बाकीचं सगळं कळतं आणि नेमकं एवढंच कळत नाही. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. ऐकून घेणारा माणूस थोडा लांबचाच बरा.

आधी विमानांविषयी सांगतो. म्हणजे — मी मुद्दा टाळतो आहे हे तुमच्या लक्षात येईलच. पण विमानांशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो तो इथलाच झालो. जवळच्या नंजनगूडमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आहे. मालात खोट निघाली की ती कुठून आली, कुणाच्या हातून आली, हे शोधून काढायचं — हे माझं पोटापाण्याचं काम. लग्न इथल्याच एका मराठी शिंपी घराण्यात झालं. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली विठ्ठलभक्त माणसं. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडच्या गल्लीत शिरतात आणि बाहेर यायचं विसरतात. म्हैसुरातल्याच विजयनगर भागात त्यांचं दुमजली घर आहे. खाली सासरे आणि बायको-मुलीसह मेहुणा नागेश, वर मी आणि मीरा. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, मीरा आणि नागेश अप्पा म्हणतात. मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.

जावयाला त्या घरात काय मान! पहिली पोळी जावयाला, पंख्याखालची खुर्ची जावयाला. आणि जावई जे बोलेल ते खरं — त्यावर कुणी उलट प्रश्न करत नाही. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. नंतर सवय झाली. मानाची सवय फार लवकर होते.

विमानांचं वेड माझं. बॅटरीवर गुणगुणणारी नव्हेत, खरं तेल पिणारी विमानं. पांढऱ्या फोमच्या शीटमधून पंख, धड, शेपटी कापायची, नाकाशी प्लायवूडची फळी चिकटवायची आणि तिच्यावर लिंबाएवढं इंजिन बसवायचं. इंधन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल. इंजिनाचा पंखा बोटानं फिरवायचा — नाही, लाकडी दांडीनं, बोटानं एकदा फिरवला होता तेव्हा टाके पडले. इंजिन लागलं की सगळ्या गच्चीवर जळक्या एरंडेलाचा वास पसरायचा आणि शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढून आत न्यायच्या.

या एरंडेलाचाच त्रास होता. इंजिनातून उडणारं तेल सबंध विमानावर बसतं आणि शेपटीवर सगळ्यात जास्त. शेपटीच्या मागच्या कडेला एक हलती पट्टी असते. ती वर गेली की विमान वर जातं, खाली गेली की खाली. ही पट्टी सगळे जण चिकटपट्टीनं जोडतात. पण तेल लागलं की चिकटपट्टी सुटते, आणि पट्टी निघाली की विमान म्हणजे फेकलेला दगड. माझी दोन विमानं अशी गेली होती.

मामा हे सगळं गच्चीच्या पायरीवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, “चिकटवता कशाला? शिवा की.” मी हसलो. फोम शिवायचा? दोरा तो कापून बाहेर येईल! ते खाली जाऊन कॉलरमध्ये घालतात ते बकरम घेऊन आले. शेपटी आणि हलती पट्टी, दोन्हींच्या कडांना बकरम पांढऱ्या गमनं चिकटवलं, गम रात्रभर वाळू दिला, आणि दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या दोऱ्यानं आळीपाळीनं वर-खाली असे टाके घातले. पट्टी दाराच्या बिजागरीपेक्षा मऊ हलत होती. त्यानंतर आमच्या विमानाची शेपटी कधी सुटली नाही. एकदा सोडून.

शिवण्यावरून मामा उडवण्यावर आले. मी रिमोट हातात दिला तो गंमत म्हणून. पण जन्मभर मशीनच्या सुईखाली कापड सरकवलेली ती बोटं — त्यांना कुठं किती दाबायचं हे सांगावं लागलं नाही. रिंगरोडच्या पलीकडे, प्लॉट पाडलेल्या पण अजून घरं न उगवलेल्या एका लेआउटमध्ये आम्ही रविवारी सकाळी जायचो. मामा विमान असं उतरवायचे की गवतालाही कळू नये. फिरायला आलेले लोक थांबायचे, टाळ्या वाजवायचे. एकदा कुणीतरी त्यांना माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय करतात? मामा सरळ मनानं म्हणाले, “ते आमचे जावई. तेल घालतात.”

मीही हसलो. पण तुम्हांला सांगू? ते मला लागलं. वेड माझं, खर्च माझा, बोटाला टाके माझ्या — आणि मी तेल घालणारा. घरी जेवताना नागेश हीच गोष्ट रंगवून सांगायचा आणि मीरासुद्धा हसायची. मी कारखान्यातल्या पोरांना शिकवतो की खोट लहान असतानाच पकडावी. माझ्या मनातली ही खोट मला दिसत होती. मी ती पकडली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी नवं विमान उडवायचं होतं. संध्याकाळी मी शेपटी तपासत होतो तर मामांनी घातलेल्या दोऱ्याची शेवटची गाठ सैल लागली. त्यांना हाक मारायला हवी होती. ते खालीच होते, पाटावर बसून भजन गुणगुणत होते. किंवा गाठीवर पांढरा गम लावून रात्रभर ठेवायला हवा होता. पण मी — कामाचा कंटाळा की ‘एवढं तर मलाही येतं’ हा तोरा, कोण जाणे — टेबलावरची ती क्षणात चिकटणाऱ्या गमची नळी घेतली आणि एक थेंब गाठीवर सोडला.

हा गम फोमला खातो. साखरेवर गरम पाणी पडावं तसा फोम विरघळतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच सगळ्यांना सांगायचो. ती नळी विमानाच्या टेबलावर दिसली की नागेशला मी चार शब्द सुनवायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वाटलं, एकच थेंब आहे, बकरमवरच राहील. वरून सगळं घट्ट दिसत होतं. मी पट्टी हलवून बघितली, ठीक वाटली. खाली जाऊन जेवलो.

रविवारी मामांनी विमान उडवलं. छान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या. मग त्यांनी ते उंचावरून खाली सोडून परत वर खेचलं — त्यांची आवडती करामत — आणि ते वर आलंच नाही. सरळ नाक खाली करून जमिनीत गेलं. आवाज अगदी छोटा झाला, थर्माकोलचा डबा चिरडावा एवढा.

मी धावलो. मामांना त्या वयात धावता येत नव्हतं, ते जागीच उभे राहिले. शेपटी बाजूला पडली होती. पट्टी तिच्यापासून निघाली होती, आणि बकरमच्या खाली जिथं फोम असायला हवा तिथं एक पोकळी होती — पिवळट, कडक कडांची, आत बोट जाईल एवढी. त्या पोकळीचा अर्थ लावायला मला क्षणही लागला नाही. माझं कामच आहे ते.

मी तेवढा तुकडा मोडला. खिशात घातला. मग बाकीचे अवशेष गोळा करून परत आलो.

मामा विमानाकडे बघतच नव्हते. रिमोट छातीशी धरून स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होते. म्हणाले, “जावईबापू, खरं सांगा. माझा हात हलला काय?”

त्यांनी विचारलं होतं. माझ्यावर विश्वास टाकून विचारलं होतं. आणि मी म्हणालो —

“जरासा.”

एवढंच. थेंबाची चूक कुणाच्याही हातून होते, तिचं मला फारसं वाटत नाही. पण हा शब्द चुकून आलेला नव्हता. मी तो निवडला होता. ‘नाही’ म्हणणं तितकंच सोपं होतं. ‘दिसलं नाही’ म्हणणं त्याहून सोपं. मग ‘जरासा’ कुठून आला? अनेकदा स्वतःला विचारलं आहे, आणि उत्तर चांगलं नाही. त्यांनी रिमोट माझ्याकडे द्यावा, असं मला वाटत होतं.

त्यांनी दिला. “आयतु, बिडा,” म्हणाले. झालं ते झालं, सोडा. “वय झालं. आता तुम्हीच चालवा.”

आणि मला आनंद झाला. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, पण हेही सांगायलाच हवं — घरी जाताना स्कूटरवर मामा माझ्या मागे बसले होते, आणि मला आतून आनंद होत होता.

घरी त्यांनी स्वतःच सांगितलं. मीरा घाबरली. मला बाजूला घेऊन विचारलं, “अहो, अप्पांचा हात खरंच थरथरला? तुम्ही बघितलंत?” मी मान हलवली. जावयानं बघितलं म्हटल्यावर संपलंच. मीरानं त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही नाही, वयाच्या मानानं उत्तम आहे. पण डॉक्टर परका आणि जावई घरचा. मामांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. दुकानात कापणीच्या टेबलावरून ते हळूहळू उठले. आधी भारी कापडं नागेशकडे गेली, मग सगळीच. गिऱ्हाइकाचं कापड आहे, म्हणायचे, माझा हात हलला तर त्याचं नुकसान.

यांच्यात एक रीत आहे. घरात लग्न ठरलं की वधूच्या पहिल्या कापडाला घरातला वडील माणूस कात्री लावतो. विठ्ठलाचं नाव घ्यायचं, कापडाला हळदीकुंकू वाहायचं आणि पहिला काप घालायचा. नागेशच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे जमले होते. नात कात्री घेऊन आजोबांपुढे उभी राहिली. मामांनी कात्री हातात घेतली, दोनदा उघडली-मिटली. मग माझ्याकडे बघितलं — तक्रार म्हणून नव्हे, साक्षीदाराकडे बघावं तसं — आणि कात्री नागेशला दिली. “नको रे. शुभाचं काम आहे,” म्हणाले. पोरीचे डोळे भरून आले. सगळे त्यांची समजूत घालत होते. मी पंख्याखालच्या खुर्चीत बसलो होतो.

तेव्हा सांगता आलं असतं. तिथंच, सगळ्यांसमोर. किंवा नंतर गच्चीत, एकट्याला. किती संधी आल्या आणि मी त्या जाऊ दिल्या, हे मोजत बसायला नको. विमानं मी पुढे वर्षभर उडवली. बरीच आपटली. माझा हात हलला का, असं कुणी विचारलं नाही. मग इंजिन तेल लावून डब्यात ठेवून दिलं. तो तुकडा मी त्याच सोमवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये खरकट्याच्या पिंपात टाकला होता.

मामा आहेत अजून. वाटलं असेल तुम्हांला की ते गेले म्हणून मी आता हे बोलतो आहे. नाही. आत्ता खाली बसले आहेत. म्हातारे झाले आहेत, ऐकू कमी येतं, पण शुद्ध आहे. जिना उतरायला मला कितीसा वेळ लागेल? मी उतरत नाही. सांगितलं तर त्यांना त्यांचे हात परत मिळतील, पण मधली वर्षं कुठून मिळणार — असा एक युक्तिवाद मी करत असतो. तो खोटा आहे. मी भितो, एवढंच खरं. त्यांच्या रागाला नव्हे. ते रागावणार नाहीत. “बिडा जावईबापू,” म्हणतील, आणि ते मला ऐकवणार नाही.

हल्ली अवरेचा हंगाम आहे. अवरे म्हणजे आपल्याकडचे पावटे. इथं हिवाळ्यात घरोघरी ते भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून काढतात. बोटं जरा इकडेतिकडे झाली की दाणा चिरडतो. काल मीरा बाहेर गेली होती. मामा परात मांडीवर घेऊन दाणे सोलत होते आणि मी दारात उभा राहून त्यांचे हात बघत होतो. दाण्यामागून दाणा सुटत होता. एकही चिरडला नाही. हात थरथरत नव्हते, आणि त्या रविवारीही थरथरले नव्हते, हे या घरात फक्त मला माहीत आहे.

मग त्यांनी मान वर केली, चहाचं काय म्हणून विचारलं. मी आत जाऊन चहा केला. भरला कप त्यांच्या हातून सांडेल म्हणून आमच्या घरात त्यांना कुणी पूर्ण कप देत नाही. मीही अर्धाच ओतला आणि नेऊन दिला.