बैलाचे मागचे पाय

पावसाळ्यात आमच्या घरी बैल पलंगावर झोपायचे आणि माणसं खाली. बैल म्हणजे लाकडाचे. बाबा सुतार. देवळीजवळच्या आमच्या गावात ते आधी बैलबंड्या करायचे. मग ट्रॅक्टर आले, बंडीला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि बाबांच्या हाती कुदळीचे दांडे आणि खाटेचे पाय अशी किरकोळ कामं राहिली. वर्षाचं मोठं काम एकच, तान्ह्या पोळ्याचे नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं दोरी बांधून गावभर ओढत नेतात ते, चाकावरचे. त्या एका दिवसासाठी आम्ही चौघं चार महिने राबायचो. घरात छपराचे कवेलू गळत नव्हते अशी जागा एकच होती, पलंगावरची. तिथे नंदी रचलेले असायचे. मी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "लाकूड भिजलं तं तडकते. तुमी वाळान."

जेवायला ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. अंबाडी आवडायची म्हणून नाही, शेताच्या धुऱ्यावर आपोआप उगवायची म्हणून. आजही कोणी मोठ्या हॉटेलात 'पारंपरिक अंबाडी' मागवली की मी दुसरीकडे बघते.

कामाची वाटणी ठरलेली होती. बाबा धड घडवायचे. आई पॉलिशपेपर घासून रंग द्यायची. भाऊ चाकं बसवायचा. डोळे माझ्याकडे. पांढरा गोळा, त्यात काळा ठिपका, काळ्यात पुन्हा पांढरा कण. तो शेवटचा कण पडला की बैल बघायला लागायचा. "हे डोये माह्या पोरीचे," असं बाबा बाजारात सांगायचे. माझ्या डोळ्यांचे बैल आधी खपतात, असंही सांगायचे. सगळे डोळे माझेच असताना हे कसं शक्य आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नाही. मी आपली स्वतःला कलावंत समजून बसले.

पाय मात्र कोणाच्याच वाट्याला नव्हते. चार सरळ खुंट्या, खाली पाटी, पाटीला चाकं. चालायचं काम चाकांचं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी फजिती इथून निघते.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे वाक्य मी या लेखात आणखी एकदा तरी लिहीन, सवय आहे. निकाल लागला त्या दिवशी मी ते एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं होतं. त्यानं "बरं, सुट्टे द्या" म्हटलं.

वर्ध्यात एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. जुनी खेळणी, मुखवटे, कळसूत्री बाहुल्या. तिथे मला तिकिटाच्या खिडकीवर नोकरी लागली. महिन्यातून एका रविवारी तिथे व्याख्यान असायचं. हातानं काढलेली जुनी कार्टून कशी बनत, एकच पात्र समोरून, बाजूनं, पाठीमागून कसं काढायचं, चेहऱ्यावर राग कसा चढवायचा, असे विषय. बोलायला पुण्याचे एक चित्रकार यायचे. कूलर दारात ठेवावा लागे म्हणून सभागृहाचं दार उघडं असायचं आणि खिडकीत मला सगळं ऐकू यायचं. दोन वर्षांत त्यांची व्याख्यानं मला पाठ झाली. कुठे थांबून चष्मा पुसायचा तेसुद्धा. मला चष्मा नाही, तरी.

एका श्रावणात त्यांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. संग्रहालयाच्या मॅडमनी मला बोलावलं. मॅडम नागपूरच्या, कमी बोलणाऱ्या, हातात कायम एक निळी डायरी.

"दोन रविवार तू घेऊन बघ," त्या म्हणाल्या. "एक व्याख्यान, एक कार्यशाळा. जमलं तर पुढच्या कार्यशाळा तुझ्याकडे. नाही जमलं तर खिडकी आहेच."

घरी सांगताना 'जमलं तर' एवढे शब्द मी गाळले. बाबांनी ते जसंच्या तसं गावात पोचवलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सरपंचांच्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "प्रोफेसर झाली म्हणे तू?" मी नाही म्हटलं नाही.

पहिला रविवार बरा गेला. मी पुण्याची मराठी बोलले. "बघूयात", "करूयात" करून माझी जीभ दुखायला लागली. पण फळ्यावर एकच चेहरा काढून त्यात बारा वेगवेगळे डोळे बसवून दाखवले. लबाड, झोपाळू, भुकेला, दुसऱ्याच्या ताटात बघणारा. पोरं हसली, मोठीही हसली. मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. मी जमिनीपासून चार बोटं वर चालत घरी आले.

दुसऱ्या रविवारी कार्यशाळा. पोळा आठवड्यावर आला होता, म्हणून मी विषय चालता बैल घेतला.

"बैल?" मॅडम म्हणाल्या. "जमेल?"

"मॅडम, बैल हा आमच्या घरचा विषय आहे."

हे वाक्य मला अजून अंगावर घालायचं जुनं स्वेटर सापडावं तसं मधूनच सापडतं, आणि टोचतं.

चित्र चालवायला संग्रहालयात एक डबा होता. पत्र्याचा, आतून-बाहेरून काळा, वरच्या अर्ध्या भागात उभ्या बारीक फटी. आत गोल बसेल अशी कागदाची पट्टी ठेवायची, पट्टीवर बारा चित्रं. डबा फिरवून फटीतून बघितलं की चित्र हलायला लागतं. मी तिकिटं फाडता फाडता आठवडाभर बारा बैल काढले. माणूस कसा चालतो ते पुण्याच्या चित्रकारांनी दिलेल्या कागदावर होतं. मी विचार केला, बैल म्हणजे काय, एकामागे एक दोन माणसं. तीच चाल पुढच्या पायांना लावली, तीच मागच्यांना. डावे दोन्ही एकदम पुढे, मग उजवे दोन्ही. पाय सरळ, खुंटीसारखे. डोळे मात्र असे काढले की काय सांगू.

रविवारी तीसेक लोक आले. डब्याचा आस डगमगत होता म्हणून मी बाबांना पेचकस घेऊन बोलावलं होतं. खरं कारण वेगळं होतं. बाबांनी मला शिकवताना बघावं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सरळ टेबलाखाली शिरले.

रांगेत पहिले होते एक आबाजी. वडनेरचे शेतकरी, वर्ध्यात मुलीकडे आलेले, नातीनं ओढत आणलेले. मी डबा फिरवला. त्यांनी फटीला डोळा लावला. बराच वेळ लावला. मला वाटलं, भारावले.

"बाई," ते म्हणाले, "हा काऊन लंगडून राह्यला?"

"आबाजी, गप बसा ना," नात म्हणाली.

"अवं, जनावर लंगडून राह्यलं तं सांगाव नाई का?"

मागच्या बाईंनी पिशवी खाली ठेवून बघितलं. "लंगडत नाई जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "खुरकूत झाली त्याले."

तिसरा एक तरुण होता. "मले तं काठेवाड्याचा उंट दिसते," तो म्हणाला. दर हिवाळ्यात मेंढ्या आणि उंट घेऊन काठेवाडी आमच्या भागातून जातात, त्यामुळे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारा उंट सगळ्यांनी पाहिलेला. मग सगळेच उंट बघायला रांगेत लागले.

मी बी.ए. आहे, म्हणून लगेच हार मानली नाही. "ही शैली आहे," मी म्हटलं. "जुने चित्रकार हालचाल मुद्दाम वाढवून दाखवत. अतिशयोक्ती हा या कलेचा प्राण आहे." वाक्य पुण्याच्या चित्रकारांचं होतं. चष्मा पुसायची जागाही मी सोडली नाही.

"असंन," आबाजी म्हणाले. "पन असल्या शैलीचा बैल बाजारात कोनी घेत नाई."

सभागृह हसलं. मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातली डायरी बंद होती. त्या बंद डायरीत मला माझी खिडकी दिसायला लागली, आणि खिडकीबाहेर बसमधल्या त्या बाई.

"तुमच्या घरी बैल होते का, बाई?" आबाजींनी विचारलं. चौकशीच होती, टोमणा नव्हता.

"शेकडो बैल माझ्या हाताखालून गेलेत."

"चाकावरचे," टेबलाखालून बाबा म्हणाले.

बाबांना खोटं बोलता येत नाही. हा दोष माझ्यात उतरला नाही.

आबाजी वाकून टेबलाखाली बघायला लागले. "मिस्तरी, नंदी तुमी बनवता का? मंग तुमीच सांगा पोरीले. बैल कोनता पाय पयले उचलते?"

बाबा बाहेर आले. पेचकस खिशात ठेवून त्यांनी खरंच विचार केला. "पाटील," ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली बैल बनवून राह्यलो. पाय उचलाचं काम कधी पडलं नाई."

"मंग या दोघंही इकडे."

आबाजींनी खुर्चीवरची दरी, म्हणजे सतरंजी, उचलली. बाबांना पुढे वाकून उभं केलं. मला त्यांच्या मागे, त्यांची कंबर धरून. "तुमी पुढचे पाय, मिस्तरी. बाई, तुमी मागचे." मी मॅडमकडे बघितलं, त्या थांबवतील म्हणून. त्या खुर्च्या बाजूला सरकवून जागा करत होत्या.

त्या दिवशी मी खळ केलेली सुती साडी नेसले होते, गळ्यात ओळखपत्र. तशीच वाकले. वरून दरी पडली. आत अंधार, लाकडाच्या भुशाचा वास, आणि डोळ्यांसमोर बाबांचा इस्त्रीचा शर्ट. बाहेर आबाजी कागदाची गुंडाळी काठीसारखी धरून आमच्या मागे चालायला लागले.

"मागचा डावा टाका, बाई. टाका ना. आता पुढचा डावा, मिस्तरी. मंग मागचा उजवा. मंग पुढचा उजवा."

आम्ही दोघांनी डावे एकदम टाकले.

"उंट, उंट," पोरं ओरडली.

"पुढच्यानं जागा सोडली का तिथंच मागचा पडला पाह्यजे," आबाजी म्हणाले. मी तो इतका नेमका टाकला की बाबांची चप्पल निघाली. दरीच्या आत ते हळूच म्हणाले, "माय, याच्यासाठीच बी.ए. केलं का?"

"बाबा, डावा."

पहिली फेरी उंटाची, दुसरी कसलीच नाही. तिसऱ्या फेरीत जमलं. माझा पाय पडला की बाबांचं अंग पुढे ढकललं जायचं आणि मगच त्यांचा पाय सुटायचा. तेव्हा दरीखाली घाम पुसत मला कळलं की बैल मागून निघतो. माझ्या बाराही चित्रांत तो पुढून निघाला होता.

बाहेर आल्यावर माझा अंबाडा सुटला होता आणि ओळखपत्र पाठीवर गेलं होतं. मी जुनी पट्टी काढून टाकली. "मले येत नाई," मी म्हटलं. पुण्याच्या मराठीत नाही, आपल्या. "आबाजी, तुमी सांगा, आमी काढतो."

बारा जणांनी बारा कागद घेतले. बाबा आणि ती नात पुन्हा दरीखाली गेले, एकेक पाऊल टाकून थांबले, आणि ज्याच्या वाट्याला जे पाऊल आलं ते त्यानं काढलं. खुरकूत ओळखणाऱ्या बाईंनीही एक काढलं. "शाळा सुटल्यावर पेन्सिल पयल्यांदा धरली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचंच सगळ्यांत चांगलं आलं. गुडघा कुठे मोडतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. बारा वाजता संपायची कार्यशाळा एक वाजला तरी उठेना. चौकीदार किल्ल्या घेऊन आला, उभा राहिला, मग तोही सूचना द्यायला लागला.

डोळ्यांची जागा सगळ्यांनी माझ्यासाठी रिकामी सोडली होती. मी बारा डोळे काढले.

पट्टी डब्यात बसवली. बाबांनी डबा फिरवला, आस आता डगमगत नव्हता. आबाजींनी फटीला डोळा लावला. त्या बैलाचं वशिंड लहानमोठं होत होतं, एका पावलात कान नव्हताच.

"चालते," आबाजी म्हणाले. फटीवरचा डोळा न काढता, "जू ठेवा आता याच्यावर." आणि जाताना, "डोये मातर तुमचे पयलेही बरे होते, बाई."

सगळे गेल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. "खिडकीवर कोण बसेल ते बघायला हवं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, निकाल लागला. "मीच बसते ना, मॅडम," मी म्हटलं. "मला राग नाही."

त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी डायरी उघडून दाखवली. पुढच्या सहा महिन्यांच्या कार्यशाळा होत्या, आणि प्रत्येकीपुढे माझं नाव.

बाबांनी त्या वर्षी एक नंदी मागचा डावा पाय उचललेला घडवला. तो खपला नाही. 'याचा पाय मोडला' म्हणत पोरांनी परत ठेवला. आता तो माझ्या टेबलावर आहे, आणि कार्यशाळेची सुरुवात मी त्याच्यापासून करते. बाबा कधी आले तर दरीखाली पुढचे पाय अजून त्यांचेच असतात.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. वर्ध्याच्या त्या संग्रहालयात चित्रं चालवायची कार्यशाळा मी घेते. घरातली पहिली बी.ए. मी, आणि पहिली शिक्षिकाही मीच. घरावरचे कवेलू काढून माझ्या पगारातून टिनं टाकली. पावसाळ्यात आता आई-बाबा पलंगावर झोपतात, आणि बैल खाली असतात.