अंबूची पोथी

जगात जेवढा म्हणून छापील कागद निघतो तो सगळा आपल्यालाच उद्देशून निघतो, अशी आमच्या मामासासऱ्यांची पक्की समजूत होती. आणि आपल्या नावानं आलेला कागद न वाचता टाकणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. न्हाव्यापुढे बसलेले असताना वाऱ्यानं एखादा चिटोरा उडत आला, तर अर्ध्या दाढीनिशी उठून ते त्याच्यामागे जात, आणि न्हावी वस्तरा धरून त्यांच्यामागे. मी लग्न होऊन उदगीरहून खजुरीला आले तेव्हा घरात शिरताना पहिलं दर्शन झालं ते त्यांचंच. सगळं गाव नवी नवरी बघायला जमलेलं, आणि मामा माझ्या रुखवतातल्या लाडवांच्या पाटीत वाकून खालचा कागद वाचत होते. सासूबाईंनी डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "थांब गं, इथं एका माणसाला साप चावलाय. वाचला का मेला, तेवढं बघून घेतो." त्या दिवशी मामांना पाया पडून घ्यायची सवड मिळाली नाही.

सासूबाईंचे हे थोरले भाऊ. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून बहिणीच्या घरी राहायचे. सगळी हयात आळंदच्या तहसिलीत पेशकारी करण्यात गेली होती. साहेबापुढे कागद मांडायचे, अर्ज वाचून दाखवायचे. त्यामुळे निजामाच्या कचेरीतली ती उर्दू-मराठी खिचडी त्यांच्या जिभेवर कायमची बसली होती. जेवताना म्हणायचे, "सबब अर्जदारास आणखी एक भाकरी मिळण्याची मेहेरबानी व्हावी." सासूबाई म्हणायच्या, "अण्णा, अर्ज मंजूर हाय, पर भाकर उठून घ्या. माझे हात पिठात हायत." म्हशीशी मात्र ते शुद्ध उर्दूत बोलत. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती सरकारी कुरणात चरते. तिच्याशी दरबारी भाषेतच बोललेलं बरं." मला ते सूनबाई म्हणत, आणि मी चार इयत्ता शिकलेली आहे हे कळल्यापासून माझ्याकडे ज्या आदरानं बघत, तसं कुणी बघितल्याचं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी मामांनी घरात धने आणायचा सपाटा लावला. सकाळी धने, दुपारी धने, संध्याकाळी जिरे आणि पुन्हा धने. सासूबाई म्हणाल्या, "अण्णा, कामून येवढे धने आणायलाव? लगीन हाय का कुणाचं?" मामा पुड्या सोडून धने सुपात ओतायचे, कागद मांडीवर घेऊन हातानं सपाट करायचे आणि वाचत बसायचे. चौथ्या दिवशी कारण उलगडलं. वाण्यानं रद्दीत एक जुनी कादंबरी घेतली होती आणि तिचीच पानं फाडून तो पुड्या बांधत होता. मामांनी ती तरुणपणी वाचलेली. तेव्हा काही दिवस आपल्या मुलखात तिचा बोलबाला होता म्हणे, आणि मग सगळे विसरून गेले. मामा धावत दुकानात गेले, उरलेलं पुस्तक छातीशी धरून बाहेर आले, आणि आधीच गावात गेलेल्या पानांच्या तपासाला लागले. कुणाच्या हळदीत पाचवं प्रकरण, कुणाच्या तंबाखूत आठवं. मामा दारात उभे राहून अदबीनं विचारायचे, "आपल्याकडे गेल्या सोमवारी गूळ आला होता काय? त्याचं वेष्टण हवं होतं." बायका पदरात तोंड घालून हसायच्या, पण पानं शोधून द्यायच्या. पंधरा दिवसांत पुस्तक पुरं झालं. मी गव्हाच्या खळीनं ते चिकटवलं. त्याला सगळ्या मसाल्यांचा वास यायचा.

चिकटवताना मामा माझ्यापाशी बसले होते. एरवी गमतीत बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज उतरलेला होता. म्हणाले, "सूनबाई, हे लिहिणारा माणूस अजून जिवंत आहे. करजगीला असतो, पुतणीकडं. मास्तर होता शाळेवर. एवढं एकच पुस्तक लिहिलं. पुढं कुणी विचारलं नाही म्हणून दुसरं लिहिलंच नाही. आता ऐंशीच्या घरात असेल. त्याला वाटत असेल, आपलं लिहिणं धन्याच्या पुडीत गेलं. तो जायच्या आत त्याला कळलं पाहिजे की अजून माणसं हे ऐकतात." मी म्हटलं, "पण ऐकतात कुठं?" मामा म्हणाले, "तीच तर तजवीज करायची आहे."

त्या दिवसांत चार माणसं एका ठिकाणी जमवायची तर वरून इजाजत लागे, आणि ती मागणाऱ्याकडेच संशयानं बघत. मामांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दरखास्ती वर पाठवलेल्या, त्यांचं पुढे काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक. पण श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लावायला कुणाची ना नव्हती. मामांनी कादंबरी सासूबाईंच्या लाल खणात बांधली, चौरंगावर ठेवली आणि गावाला सांगितलं की उद्यापासून पोथी आहे, रोज दिवस मावळायच्या आत एक अध्याय. वाटलं होतं, एकदा गोष्ट सुरू झाली की लोकांना आपोआप उमगेल. इथं पेशकारांचा हिशेब चुकला. गावानं त्यांचा शब्द खरा धरला.

पहिल्याच दिवशी बायकांनी कादंबरीला हळदकुंकू वाहिलं. मामांच्या डोळ्यांदेखत पहिल्या पानावर कुंकवाची पाच बोटं उठली आणि त्यांनी असा चेहरा केला, की मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी नारळ आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या निंगव्वा अक्कानं विचारलं, "अण्णा, या पोथीला उपास कोन्ता धरायचा?" मामांनी हात जोडून सांगितलं, "ही पोथी नव्हे बाई, कादंबरी आहे. घडलेलीही नाही, रचलेली आहे." निंगव्वा अक्का म्हणाली, "व्हय, व्हय. पर उपास सोमवारचा का शनिवारचा?" पुस्तकाचं नाव चांगलं भारदस्त संस्कृत होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना. गोष्टीतल्या बाईचं नाव अंबू. झाली अंबूची पोथी.

अंबू आपल्याच मुलखातली. नवरा नोकरीसाठी हैदराबादला जातो तो परत येत नाही, आणि ती एकटी त्याला शोधायला निघते, एवढीच गोष्ट. पण गावानं ती मनावर घेतली. अंबू बिदरच्या वेशीबाहेर उपाशी निजली त्या दिवशी तीन घरांतून तिच्या नावानं नैवेद्य आला. एकानं म्हैस फळत नाही म्हणून अंबूला नवस बोलून ठेवला. नवऱ्यानं तिकडे दुसरा संसार मांडल्याचं कळलं तेव्हा तर देवळात गलकाच झाला. एक म्हातारा उठून म्हणाला, "आमी न्हाई ऐकायलाव असलं. पोथीत पाप केल्याला शिक्षा होती. ह्येला कवा हुनार ते सांगा." मामा म्हणाले, "लेखकानं तशी तरतूद केलेली नाही." म्हातारा म्हणाला, "मंग तुमी करा की. तुमी कचेरीतले हाव." बातमी ठाण्यापर्यंत गेली आणि एका संध्याकाळी ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदारसाहेब, स्वतः चौकशीला आले. बूट काढून खांबाला टेकले, अध्याय संपेपर्यंत हलले नाहीत, आणि जाताना एवढंच म्हणाले, "पेशकारसाब, पोथी चलने दो." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा शिपाई सायकलीवरून यायचा आणि उभ्या उभ्या विचारायचा, "साब पूछ रहे, अंबूबाई हैदराबाद पहुँची क्या?"

अकराव्या दिवशी मामांचा आवाज बसला. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, पण घशातून नुसती हवाच यायची. पोथीत खंड पडू द्यायचा नसतो, सगळं गाव बसलेलं. मामांनी पुस्तक उचललं आणि सरळ माझ्या हातात दिलं. सासूबाई कुजबुजल्या, "अण्णा, सून हाय ती. गावात काय म्हनतील?" मामांनी बोटानं जमिनीवर लिहून दाखवलं, "वाचता येतं तिला." मी पदर कपाळावर ओढला आणि वाचायला लागले. पहिलं पान कसं वाचलं देव जाणे, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. दुसऱ्या पानावर मी अंबूबरोबर चालायला लागले. माहेर सोडून आल्यापासून मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. पुढचे सगळे अध्याय मीच वाचले, आणि मामांचा घसा त्यानंतर चार दिवसांत बरा झालेला असूनही ते तो बसलेलाच ठेवून हिंडत होते, हे मला फार उशिरा कळलं.

इकडे करजगीला मामांची तीन पत्रं गेली होती. मजकूर तोच: आपलं पुस्तक गाव ऐकत आहे, सबब समाप्तीला येण्याची कृपा व्हावी. एकाचंही उत्तर नाही. देवळात चौरंगासमोर मामांनी रोज एक पाट मोकळा ठेवलेला. लोकांना वाटायचं मारुतीसाठी आहे. शेवटचा अध्याय उरला तेव्हा मामांनी पोथी बांधून ठेवली, बैलगाडी जोडायला लावली आणि स्वतःच निघाले. जाऊन येऊन चार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत गाव माझ्या मागे लागलं होतं की नुसतं सांग, नवरा भेटतो का? मी सांगितलं नाही. मीही वाचला नव्हता तो अध्याय.

पाचव्या दिवशी गाडी देवळापुढे थांबली. मामांनी एका अगदी वाळलेल्या म्हाताऱ्याला हात धरून उतरवलं, पाटावर बसवलं, खांद्यावरचं उपरणं नीट केलं. गावाला एवढंच सांगितलं, करजगीचे मास्तर आहेत, ऐकायला आलेत. मामांचा चेहरा मला ओळखू येईना. माझ्याजवळ वाकून म्हणाले, "सावकाश वाच. घाई करू नकोस." त्यांना आनंद झालेला नव्हता एवढं मला दिसलं, पण का ते कळलं नाही.

मी वाचलं. अंबू हैदराबादला पोचते, घर सापडतं. दार उघडं असतं. आत तिचा नवरा जेवायला बसलेला, एक बाई वाढते आहे, दोन लेकरं त्याच्या ताटातला भात उचलतायत. अंबू दाराबाहेर उभी राहून ते बघते आणि हाक न मारता परत फिरते. गावी येऊन सासूला सांगते, फार शोधलं, सापडले नाहीत. एवढाच शेवट. ज्या म्हाताऱ्याला शिक्षा हवी होती तो पागोट्यानं डोळे पुसत होता. मी पाटाकडे बघितलं. करजगीचे मास्तर उपरण्यात तोंड घालून रडत होते.

मग ते सावरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ, लई चांगलं लिवलंय. कुणाचं हाय हे?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी मामांकडे बघितलं आणि मला सगळं समजलं. पत्रांना उत्तर का आलं नाही तेही समजलं. पुतणीनं ती वाचून दाखवली असतील, आणि ऐकून त्यांनी विचारलं असेल, कोण हा लेखक.

मामा अगदी हळू म्हणाले, "होते एक मास्तर. तुमच्या करजगीचेच."

"करजगीचे? मग मला कसं ठाव न्हाई?" म्हाताऱ्यानं थोडा वेळ आठवून बघितलं, सोडून दिलं. मग मामांचं मनगट धरलं. "त्यांना कळवा तुमी. लिवनाऱ्याला कुणी सांगत न्हाई बघा. बिचारा तसाच जाईल. येवढी मानसं रडली म्हनून कळवा."

"कळवतो," मामा म्हणाले. समाप्तीचा प्रसाद झाला, बायकांनी मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं, गावात आलेल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाच्या ठेवतात तसं. ते सगळ्यांना आशीर्वाद देत होते आणि खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांना पोचवायला गेले. परत आल्यावर दोन दिवस काही वाचलं नाही, न्हाव्याकडे पुरी दाढी करून आले. तिसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते तिथं येऊन बसले आणि आपणहून सांगू लागले. करजगी येईपर्यंत मास्तर गाडीत एकच विचारत होते. कोसभर गेलं की विचारायचे, "त्या लिवनाऱ्याला कळवलं का?" मामा सांगायचे, कळवलं. "मग, काय म्हनले?" मामा सांगायचे, "फार बरं वाटलं म्हणाले." मास्तर ऐकून हसायचे, मान हलवायचे, म्हणायचे, "वाटनारच की." आणि कोसभर गेलं की पुन्हा विचारायचे.

"किती वेळा विचारलं?" मी म्हटलं.

"मोजलं नाही, सूनबाई," मामा म्हणाले. "मी गाडी जरा सावकाशच हाकायला सांगितली होती."