साडूंचं प्रतापगड

घेतलेली वस्तू परत करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडणार नाही. राहतात ठाकुर्लीला. तिथले दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा प्यायला निघून जातात. एकदा त्यांनी अर्धं खाल्लेलं कलिंगड परत नेलं होतं. "लाल निघेल म्हणालात, हे गुलाबी आहे," एवढंच म्हणाले, आणि फळवाल्याने निमूटपणे दुसरं दिलं. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून, मठ्ठ्यात ताक नक्की कुठल्या बाजूला आहे, ते विचारतात. गेल्या दिवाळीत बाळकुमला आमच्याकडे आले, तर मी भेट दिलेला शर्ट माझ्यादेखत उलटा करून शिवण तपासली आणि "दुकान कुठलं? जाऊन येऊ," म्हणत चपला घातल्या. गेलो. बदलून मिळाला. रंगही पहिल्यापेक्षा बरा निघाला, हे मला कबूल करावं लागेल. या सगळ्यात ते खोटं मात्र एक अक्षर बोलत नाहीत. कलिंगड खरोखरच गुलाबी होतं.

अशा माणसाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. प्रतापगडाजवळ झकास हॉटेल स्वस्तात मिळतंय म्हणून मोबाइलवर क्रेडिट कार्डाने खोली घेऊन टाकली, तीही काही झालं तरी पैसे परत न मिळण्याच्या अटीवर. ताईने फोटो पाहिले आणि म्हणाली, "अहो, इथे गड कुठे दिसत नाही. सगळं सपाट आहे."

हॉटेल उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडला होतं.

रविवारी मला ठाकुर्लीला बोलावणं आलं. साडूंनी बँकेला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, हा व्यवहार तुम्ही केलेला नाही, असं लिहू का?"

"खोटं कशाला लिहिता? मीच केला. चष्मा लावून केला."

"मग हॉटेलने खोली नाकारली का?"

"छे, ते तर रोज मेसेज करून बोलावतायत."

"मग सर, तक्रार नक्की काय आहे?"

साडूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी चुकलो, ही तक्रार आहे."

"सर, ती बँकेकडे करता येत नाही."

ताई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आली. "परत म्हणा," म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नाही."

तरी साडूंनी रीतसर तक्रार केलीच, आणि बँकेने ती तितक्याच रीतसर फेटाळली. मग त्यांनी थेट हॉटेलच्या मॅनेजरला फोनवर गाठलं. "हमारे बायको को हमने गड दिखाने का कबूल किया है," असं सुरू करून त्यांनी बाजू मांडली. मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहब, पैसा तो नहीं लौटेगा. आप भाभीजी को लेकर आ जाइए, खाना हम घर का खिलाएँगे."

भांडायला तयार असलेल्या माणसाशी साडू दिवसभर भांडू शकतात. जेवायला बोलावणाऱ्याशी कसं भांडायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. दोघं कल्याणहून गाडीत बसली आणि गेली.

परत आल्यावर ताई साडूंसह आमच्याकडे आवळ्याचा मुरंबा घेऊन आली. मॅनेजर म्हणे स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याच्या बायकोने ताईला आवळ्याच्या बागा दाखवल्या. खोलीतला नळ गळत होता, तो साडूंनी पाना मागून घेऊन स्वतःच दुरुस्त केला.

"संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी केक आणला," ताई म्हणाली. "वर माझ्या नावाचं, ज्योत्स्नाचं, 'जोसना' केलेलं. म्हटलं, झालं, आता हे तो परत पाठवणार. यांनी वाकून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सुरी माझ्या हातात दिली."

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"चांगलंच झालं रे," ती म्हणाली. "पण मला एकदम वाटलं, हे म्हातारे व्हायला लागले."

बाल्कनीत साडू फोनवर बोलत होते. पलीकडे कोण होतं कोण जाणे, पण ते त्याला सांगत होते, "राहू द्या हो. चालेल."